फडक्याखालची बोटं

शाहूपुरीत मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावर सयाजी चौगल्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. वर जायला लोखंडी जिना. तो असा वाजायचा की कोण येतंय, घाईत येतंय की दमून, हे चौगले सरांना मान वर न करता कळायचं. पुढं या आवाजाचा त्यांनी जो उपयोग करून घेतला, तो आठवला की आजही त्यांना कुणाच्या डोळ्याला डोळा देववत नाही.

सर मूळचे पन्हाळ्याच्या पायथ्याचे. वडील, आकाराम चौगले, म्हशी राखून आणि ऊस तोडून थकले. पोरगं मात्र बोटांच्या जोरावर शहरात टिकलं. आधी कोर्टाबाहेर झाडाखाली बसून अर्ज टाइप केले, मग स्वतःची इन्स्टिट्यूट काढली. तिथं प्रत्येक मशीनवर एक निळं फडकं टांगलेलं असे. विद्यार्थ्यानं हात फडक्याखाली घालायचे आणि नजर कागदावर ठेवायची.

"बघून मारणं म्हंजे चोरी," सर म्हणायचे. "आणि ज्या बोटाचं अक्षर, त्याच बोटानं मारायचं. शेजारच्याला कामाला लावायचं न्हाय."

त्यांच्या हाताखालून गेलेले कारकून जिल्ह्यातल्या कचेऱ्यांत पसरले होते. भाजी घ्यायला गेले तरी कुणीतरी पाया पडायचं. सरांना ते आवडायचं. आवडत नाही असं दाखवायलाही आवडायचं.

मग कॉम्प्युटर आले. सर घाबरले नाहीत, कारण मराठीचा फॉन्ट टाकला की बटणांवरची अक्षरांची मांडणी, म्हणजे पट्टी, मशीनचीच निघायची. त्यांनी दोन कॉम्प्युटर घेतले आणि त्यांच्यावरही निळी फडकी टांगली.

जुन्या मासिकांच्या गाड्यावर त्यांना एकदा कॉम्प्युटरचा अंक मिळाला. त्यावर सीडी चिकटवलेली होती. कुठलं बटण कुठल्या बटणाबरोबर दाबलं की काय होतं, ते आत दिलेलं. सर लहान पोरासारखे रमले. एक जोडी दाबली की सगळा मजकूर निवडला जाई, दुसरी दाबली की चुकलेलं परत येई. दुपारी वर्ग रिकामा असला की ते एकटेच दाबून बघत आणि हसत. सीडीवरची फुकटची सॉफ्टवेअरं त्यांनी एकेक करून टाकली. कॅलेंडर, घड्याळ, फोटो लहान करायचं काहीतरी.

त्यातच ते निघालं. इंग्रजी अक्षरं मारत जायची आणि पडद्यावर मराठी उमटत जायचं. सरांनी वडिलांचं नाव मारून पाहिलं. बघून, एका बोटानं, अडाण्यासारखं. 'आकाराम' असं स्वच्छ, काना-मात्रेसकट उमटलं.

ते बराच वेळ त्या नावाकडं बघत बसले. ज्याला इंग्रजी मुळाक्षरं येतात त्याला आता मराठी टाइप करता येणार होतं. मग फडकं कशाला, आणि चौगले सर तरी कशाला?

जिना वाजला. सरांच्या डाव्या हातानं आपणहून आल्ट आणि टॅब दाबलं. ती खिडकी मागं गेली, पुढं जुना धडा आला. इतक्या शॉर्टकटांतला हाच एक त्यांच्या बोटांत कायमचा बसला.

येणारी संघप्रिया होती. शाहूवाडीकडची, बौद्ध घरातली. वडील, गणपती कांबळे, भातशेती करून दुसऱ्याच्या बांधावरही राबायचे. लहानपणी कडबाकुट्टीत तिच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट गेलं होतं. गावाजवळच्या पतसंस्थेत टायपिस्टची जागा होती आणि तिथं कॉम्प्युटरवर मराठीची परीक्षा घेणार होते; कुठल्या पद्धतीनं मारता, हे कुणी विचारणार नव्हतं. आमच्या पट्टीवर अनुस्वार डाव्या करंगळीचा, असं सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. त्यामुळं तिचा मजकूर अनुस्वाराशिवाय यायचा, नाहीतर प्रत्येक अनुस्वारापाशी तिचा हात उचलला जाऊन पुढची सगळी अक्षरं घसरायची.

"सर, मधल्या बोटानं मारू का?"

"सवय बिघडंल. मनगटातनं वळव."

"वळवून वळवून मनगटच बोट व्हायचं आता," ती म्हणाली. शेजारच्या मुली हसल्या. सर हसले नाहीत.

ती एकदा नापास झाली. पतसंस्थेनं पुन्हा संधी दिली. त्या दिवसांत सर रोज ठरवायचे, आज सांगू. ती फडक्याखाली हात घालून बसायची. फडकं हललं की खाली तिचा तो आखूड पडलेला हात धडपडताना दिसायचा. सर उठायचे, तिच्या मागं जाऊन उभे राहायचे, आणि तोंडातून यायचं, "सराव वाढव."

ती पुन्हा नापास झाली आणि यायची बंद झाली. जागा दुसऱ्याला मिळाली.

बऱ्याच महिन्यांनी दुपारी जिना वाजला. भरभर, हलका. सरांनी आल्ट-टॅब दाबलं. दारात संघप्रिया, हातात पेढ्यांचा पुडा.

"जय भीम, सर. वळखलं का?"

"ये की. कुठं असतीस?"

"पन्हाळ्याला, तहसील कचेरीसमोर. झेरॉक्सचं दुकान हाय, तिथं अर्ज टाइप करून देते. पक्की झाले मी." तिनं पुडा उघडून पुढं धरला, सरांनी एक पेढा उचलला. "आणि तुमच्यासाठी एक गंमत आणलीया."

पर्समधून तिनं सीडी काढली. सरांना चेहरा कसा ठेवावा कळेना.

"इंग्रजीत मारायचं, मराठी येतंय. बोटाबिटाची भानगडच न्हाय. फुकट हाय. तुम्हाला कुणी सांगितलं नसंल म्हणून म्हटलं आपण जाऊन द्यावं. पहिलं तुम्हीच शिकवलंसा की मला."

"आत्ता नको. कॉम्प्युटरात व्हायरस शिरलाय."

"सीडी साफ हाय, सर. सरका जरा."

ते सरकले. तिनं सीडी घातली आणि राहिलेल्या बोटांनी भराभर बटणं दाबली. पडद्यावर एक चौकट आली. इंग्रजीत लिहिलं होतं की हे सॉफ्टवेअर या कॉम्प्युटरवर आधीपासूनच आहे, पुन्हा टाकायचं का?

तिनं ती चौकट हळूहळू वाचली, तोंडातल्या तोंडात. खाली रिवाइंडिंगवाल्यानं मोटार चालू करून बंद केली.

"हाय की इथं," ती म्हणाली.

सरांनी नजर पडद्यावरून खाली बटणांवर नेली.

"कवापास्नं हाय, सर?"

खोटं बोलायला जागा होती. कालच टाकलं, भाच्यानं टाकलं, काहीही. पण हातातला पेढा घामानं चिकट झाला होता आणि त्यांना खोटंही जमेना.

"तू यायचीस तवापास्नं."

तिनं सीडी बाहेर काढली, ओढणीनं पुसली, पाकिटात घातली. आवाज चढला नाही. चढला असता तर सरांना बरं वाटलं असतं.

"माझा हात तुम्हाला दिसत होता," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. मग पर्स खांद्याला लावून जिन्याकडं गेली. पेढ्यांचा पुडा टेबलावरच राहिला.

सरांनी हाक मारली नाही. काय म्हणून मारणार?

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही कॉम्प्युटरवरची फडकी काढली आणि मुलांना ते सॉफ्टवेअर दाखवलं. एकजण म्हणाला, "सर, हे आधी का न्हाय सांगितलं?" सर म्हणाले, "मला ठावं होतं." पोराला वाटलं, सर गंमत करतायत. तो हसला. वर्ग हळूहळू ओसरला, मशीनं भंगारात गेली, आणि सर एकाच कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका आणि अर्ज टाइप करू लागले.

पन्हाळ्याला नात्यातलं काही निघालं तर ते तहसील कचेरीसमोरून जात नाहीत. लांबच्या वाटेनं जातात. आणि आता लपवण्यासारखं काही उरलेलं नसलं, तरी जिना वाजला की त्यांचा डावा हात आपणहून त्या दोन बटणांवर जातो.