रांगेकडे तोंड केलेला डबा

टोकावड्याच्या दूध डेअरीत कॉम्प्युटर एकच होता. वजनकाटा, फॅट मशीन, प्रिंटर, सगळ्यांच्या वायरी त्याच्याच पाठीत घुसवलेल्या. त्यावर बसणाऱ्या बाईंचं नाव मला कधी कळलं नाही. मी दूध घालायला जायचो तेव्हा त्या पदर खोचून एकेक पिन दाबून बघत असायच्या. आकडे दाखवणारा डबा त्यांनी मुद्दाम खिडकीत, रांगेकडे तोंड करून ठेवला होता.

एकदा डेअरीच्या चेअरमनच्याच दुधाला फॅट कमी लागली. सगळ्या रांगेनं ती वाचली.

“आधी त्या डब्याची वायर काढ!” चेअरमन ओरडले.

बाई खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. “तुमच्या दुधासाठी येगळी वायर नाय माझ्याकडं, शेठ.”

आणि हात लांब करून त्यांनी डबा आणखी वीतभर बाहेर सरकवला.