येलदरीची आत्या आणि लिंबावरची घार

सुमनआत्या काल दुपारी गेली.
जेवली, आडवी झाली आणि गेली. कुणाला धावपळ करू दिली नाही.

माझ्या वडिलांची मोठी बहीण. येलदरीच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. लग्न केलं नाही, त्याचं एक्सप्लनेशनही कुणाला दिलं नाही.

माझं लग्न मोडलं तेव्हा मी डायरेक्ट तिच्याकडे गेले.
"जेवलीस का?" एवढंच विचारलं तिने.

तिच्या अंगणातल्या कडुलिंबावर घारीचं घरटं होतं. मी तिथे असतानाच एका वावटळीत ते खाली आलं. पिल्लू जिवंत होतं, अजून उडता येत नव्हतं.

शेजारचे काका खोकं घेऊन आले. "बाई, घरात ठेवू, दूध पाजू."

"दूध न्हाई पीत ते. आन् आई-बाप हाईत त्याला."

आत्याने भाजीची टोपली काढली, आत गोणपाट घालून पिल्लू ठेवलं. शिडी तिने धरली, टोपली घेऊन वर मी चढले. घार सारखी माझ्या डोक्यावर झेपावत होती.

"मान खाली घाल आन् बांध," आत्या खालून म्हणाली.

टोपली फांदीला बांधली.

मग आम्ही खिडकीत बसलो. घार येईना. वाटलं, टाकलं तिने पिल्लाला.
ऊन उतरताना ती आली. पायात मासा होता. टोपलीच्या काठावर बसून तिने तो तोडून भरवला.
मी खूप रडले. आत्याने चहा टाकला.

पुढे पिल्लू उडायला लागलं.
"आता जाईल ते," मी म्हणाले.
"कुठं जायलंय. उडता आलं म्हंजे शिकार आली का?"

खरंच. कित्येक आठवडे ते तारेवर बसून ओरडायचं आणि आई-बाप दोघं भक्ष्य आणून द्यायचे.

त्याच दिवसांत काकांनी दारात विचारलं, "बाई, भाचीला किती दिवस ठेवणार?"
"तिचे पंख भरंस्तोवर. तुमाला काही अडचण हाय का?"
काका आपल्या घराकडे वळले.

हळूहळू घारी आणेनाशा झाल्या. पिल्लू दिवसभर ओरडलं. मला बघवेना, आत्या मात्र शांत.
मग एका सकाळी येलदरी धरणाच्या पाण्यावरून त्याने स्वतः मासा उचलला. आम्ही दोघींनी पाहिलं.

काही महिन्यांनी मला परभणीत नोकरी लागली. स्टँडवर आत्या म्हणाली, "न्हाई जमलं तर परत ये. लाजायचं न्हाई."

परत जायची वेळ आली नाही. पण जाता येतं हे माहीत होतं, म्हणून मी कशालाच घाबरले नाही.

आत्या, तुला मनापासून नमस्कार. निवांत जा. मी ठीक आहे.