हवा बंद, रंग गायब

कापड रंगवायच्या कारखान्यात काकू एकोणीस वर्षं सांडपाण्याच्या टाक्या सांभाळत होत्या. चिखलाची त्यांना किळस म्हणून नव्हती, त्यामुळे सगळे त्यांना ‘गाळकाकू’ म्हणायचे. म्हणेनात का! काकूंना रुसायला वेळ कुठे होता?

टाकीत पाणी लालभडक यायचं आणि लालभडकच बाहेर जायचं. तपासणीवाले बजावून गेले, पंधरा दिवसांत रंग गेला नाही तर कारखान्याला कुलूप! काकूंचा नवरा, दीर, जाऊ सगळे तिथेच कामाला. अख्ख्या घराचा जीव टांगणीला लागला. नव्या साहेबांनी हवेचे पंप दिवसभर चालू ठेवले, तर पाणी नुसतं खळखळून लाल.

पण टाकीच्या एका कोपऱ्यात हवेची नळी गाळानं तुंबली होती, आणि नेमकं तिथलंच पाणी निवळत होतं. साहेब म्हणाले, “ती नळी आधी साफ करा.”

“हात लावू नका!” काकू कडाडल्या.

त्यांनी दोन बरण्यांत लाल पाणी आणि गाळ भरला. एकीतला गाळ मात्र घरच्या कुकरमध्ये शिजवून घेतलेला. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. “अगं बाई, आता चिखलाच्या शिट्ट्या मोजू का मी?”

झाकणं घट्ट लावली. चौथ्या दिवशी कच्च्या गाळावरचं पाणी नितळ, शिजवलेल्यावरचं लालच!

“बघा साहेब, गाळात जिवंत काहीतरी आहे, शिजवलं की मरतं. ते रंग तोडतं, पण हवा लागली की अडून बसतं.”

साहेब काही मूर्ख नव्हते, फक्त घाईत होते. बरणी उजेडात धरून ते म्हणाले, “जिवाणू! पण काकू, रंग तुटला तरी त्याचे तुकडे उरतात, आणि तेही विषारीच. ते खाणाऱ्या जिवाणूंना हवा लागते.”

“मग दुसऱ्या टाकीत सोडा की हवा! पहिलीला तेवढं झाकून ठेवा.”

तसंच केलं. पंधराव्या दिवशी तपासणीवाल्यांनी बाटलीत पाणी भरलं आणि उलटून पालटून पाहत राहिले. तीन दिवसांनी अहवाल आला. रंग नाही, विषारी तुकड्यांचाही मागमूस नाही, कारखाना चालू ठेवा!

मालक धावतच आले. “काकू, कोणतं औषध टाकलंत हो?”

“औषध कसलं! गाळातले जिवाणू बिचारे काम करतच होते. आपण मध्ये लुडबुड करत होतो, ती थांबवली.”

एवढं बोलून काकू सगळ्यांदेखत हसल्या आणि हसता हसता रडल्या. नवऱ्यानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि सर्वांत जोरात वाजवत होते साहेब.