ढिला ठोका

आमच्या थोरल्या जाऊबाई नाकावर माशी बसू देत नाहीत. मी या घरात आले तेव्हा मला धड सुईत दोरा ओवता येत नव्हता. मला मागावर बसवलं ते त्यांनीच, आणि तेव्हा बोलणी इतकी खाल्ली की जेवायची वेगळी गरज पडू नये.

आम्ही उशांचे अभ्रे विणतो. त्यांवर फुलंपानं नसतात, अक्षरं असतात, भलीमोठी, ठसठशीत. ती काढून देते एक चित्रकार बाई. या खेपेला तिनं एकच ‘क’ दोन उशांवर मांडला होता: डावीवर पोट, उजवीवर शेपूट, शेजारी ठेवल्या की अक्षर पुरं. डाव्या उशा जाऊबाईंच्या वाट्याला, उजव्या माझ्या. रेघेला रेघ मिळाली नाही तर पुढचं सगळं काम गिरणीला देईन, असं तिनं जाताना बजावलं होतं.

पहिली जोडी मी शेजारी ठेवून बघितली. त्यांच्या उशीवर माथ्याची रेघ बोटभर वर चढली होती, गोल पोट अंड्यासारखं उभट झालं होतं. प्रत्येक आडव्या धाग्यानंतर फणीनं ठोका द्यायचा असतो. तो ढिला पडला की वीण विरळ होते आणि अक्षर उंच वाढतं. मी कान देऊन ऐकू लागले. पूर्वी त्यांच्या ठोक्यानं भिंत दणाणायची, आता दार हळूच लोटल्यासारखा आवाज येत होता. सकाळी त्यांच्या हातून कप निसटला, तेव्हा त्यांनी कपालाच धारेवर धरलं होतं.

हे त्यांना सांगायचं कोणी? मागावरून उठवलं तर या बाईनं करायचं काय? माझी काही छाती झाली नाही. मी माझा अभ्रा गुपचूप बाजूला टाकला आणि नवा विणला, ठोका मुद्दाम ढिला देत, त्यांच्या बरोबरीनं. पुढच्या साऱ्या जोड्या तशाच केल्या. रेघेला रेघ मिळाली, पण माझा जीव टांगणीलाच होता.

चित्रकार बाई आली. जोडी लावून बघितली, मान डोलावली. मग पिशवीतून आपला मूळ कागद काढून उशांवर पसरला. कागद अपुरा पडला. दोन्हीकडे सारखंच वाढलंय म्हणजे माझंच माप चुकलं असणार, असं ती म्हणाली. मी हो म्हणणार, तेवढ्यात जाऊबाईंनी माझी उशी उचलली, विणीवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

“तुमचं माप बरोबर आहे,” त्या तिला म्हणाल्या. “माझा हात गेलाय. मला झाकायला हिनं आपला चांगला हात बिघडवला.”

मग त्या माझ्याकडे वळल्या.

“मला सांभाळून घेतलंस, कळलं मला. अक्षराला कोण सांभाळणार होतं?”

मला रडू आलं आणि रागही आला, त्यांचाच. दोन्ही अर्धे आता हिच्याकडूनच विणून घ्या, असं त्यांनी चित्रकार बाईला सांगितलं. तिनं मुदत वाढवून दिली. जाऊबाईंनी आपल्या मागावरचा, आडवा धागा नेणारा धोटा काढला, माझ्या मांडीवर ठेवला आणि त्या आत निघून गेल्या.

आता त्या मागाच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. पण माझा ठोका जरा ढिला पडला की स्वयंपाकघरातून खोकल्याचा आवाज येतो. मी मुकाट्यानं तेवढं उसवते.