कोडच्या किनारीचा लाल टिपका

मी भुताखेतांची टिंगल करणारी बाई आहे, हे आधीच सांगते. आम्ही बौद्ध, अंगारे-धुपारे आमच्या घरात कधी चालले नाहीत. असले अनुभव वाचून मी पोट धरून हसायचे. आता तुम्ही हसा...

भिवंडीजवळ पूर्णाला एका गोदामात मी कामाला आहे. चार वर्षं उभ्याने खोके स्कॅन केले. एक्सेलचे मॅक्रो, म्हणजे एका बटणावर काम उरकणारे छोटे प्रोग्रॅम, मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकले. कुठल्या ट्रकमध्ये कुठले खोके, ही लोडिंग लिस्ट तिघं जण हाताने बनवायचे. मी म्हटलं, एका बटणावर करून दाखवते! मॅनेजर पाटीलसाहेब म्हणाले, "मंगळवारी तीनला दाखव. चाललं तर ऑफिसातली खुर्ची तुझी. न्हाय चाललं तर परत स्कॅनिंगला. मग रडायचं न्हाय हां."

मंगळवारी सकाळी अकराला बटण दाबलं आणि एरर — 'नेक्स्ट विदाउट फॉर'. म्हणजे लूपचा, तेच काम परत परत करणाऱ्या ओळींचा, शेवट आहे, पण सुरुवातच नाही. अरे, सुरुवात तर समोर ढळढळीत दिसतेय! कोड लिहायचा एडिटर मात्र शेवटच्या ओळीवरच अडून बसलेला. ती ओळ मी चार वेळा पुसून लिहिली. दीड वाजला. शेजारच्या टेबलावरच्या रेहानाने डबा पुढे केला, "पहले खा ले, कंप्यूटर कहीं भाग नहीं रहा." मी एक घास तोंडात टाकून परत स्क्रीनकडे वळले.

तेवढ्यात कोडच्या डाव्या कडेला, बरंच वर, एक लालसर टिपका दिसला. ब्रेकपॉइंट म्हणतात त्याला. कोड चालताना तिथे थांबावा म्हणून आपणच लावायची खूण. मी लावलाच नव्हता. चुकून क्लिक झालं असेल म्हणून काढून टाकला. फाईल सेव्ह केली, कॉम्प्युटर रिस्टार्ट केला... टिपका परत त्याच ओळीला! जाणकारांना माहीत असेल — फाईल बंद केली की ब्रेकपॉइंट राहत नाही. आपण लावलेलासुद्धा राहत नाही, मग काढलेला कुठून येणार?

ती लाल खूण बघून मला पप्पा आठवले. माझे पप्पा भिवंडीतच कामतघरला लूमवर, कापड विणायच्या यंत्रमागावर, कामाला होते. दोन वर्षांपूर्वी गेले. विणताना कापडात खोट राहिली की ते किनारीला लाल दोरा बांधायचे, तपासणाऱ्याला लगेच सापडावी म्हणून. बाकीचे आपली खोट लपवायचे, पप्पा दाखवायचे. आणि लहानपणी मला सांगायचे, "लूम पुढं थांबतो, पोरी. धागा मागं तुटलेला असतो. मागं जाऊन बघ."

मी मागे गेले. टिपक्याच्या ओळीत 'इफ', म्हणजे एक अट, सुरू केली होती आणि ती बंद करणारा 'एन्ड इफ' लिहायचाच राहिला होता. म्हणून एडिटर खाली भलतीकडेच बोट दाखवत होता. दोन शब्द टाकले, बटण दाबलं — सगळ्या ट्रकांच्या याद्या सरसर तयार!

साहेबांनी तीनदा चालवून बघितलं. "कुठल्या क्लासला शिकलीस गं?"

"क्लास नाही, साहेब. माझे पप्पा लूमवर होते."

त्यांना काही कळलं नाही, आणि मीही समजावत बसले नाही. दुसऱ्या दिवशीपासून ऑफिसातली खुर्ची माझी झाली.

टिपका नंतर दिसला नाही. आयटीवाले दादा म्हणाले, "ताई, असं होऊच शकत नाही." पण आता माझ्या कोडमध्ये चूक निघाली की त्या ओळीला मी स्वतः लाल टिपका लावते आणि खुर्ची वळवून ती चूक सगळ्यांना दाखवते.