पाणकणसाची येळवस

आधी रजियाभाभीचं नाव लिहिते, मग बाकीचं. रेणापूरकडच्या आमच्या गावात ती गोदाआत्याची शेजारीण. मी सुरतेत, शिलाईच्या कारखान्यात मशीनवर बसलेली असताना तिचा फोन आला. "बेटा, गोदाबाई गेली..." गाडी मिळून मी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार, हे दोघींनाही कळत होतं. "माझ्या हातची माती कोण टाकणार?" एवढंच मी विचारत राहिले. भाभी म्हणाली, "भिऊ नको. तुझ्या वाटणीची मूठभर माती मी टाकते." आणि टाकली.

गोदाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. नवरा लवकर गेला, तशी माहेरी परत आली. आई आजारी पडली अन् आठवीत माझी शाळा सुटली, तेव्हा माझ्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती. आत्या मात्र मला संग घेऊन तळ्यावर जायची. काम एकच, बेशरम उपटायची. ती झुडपं काठभर माजलेली. त्यांच्या जागी आत्या दुसऱ्या तळ्यातून पाणकणीस आणून लावायची, मुळं चिखलासकट ओल्या पोत्यात गुंडाळून, अन् कडेनं लव्हाळा. हे सगळं बदकांसाठी. काळ्या चोचीला पिवळं टोक अन् बुडाशी दोन तांबडे ठिपके, म्हणून त्यांना हळदीकुंकू म्हणतात. पावसाळ्यात ती दाट गवतात अंडी घालतात. बेशरमीत आम्ही कधी घरटं बघितलं नाही. बाया टोमणा मारायच्या, "गोदे, पोटाला काय देतं गं हे गवत?" आत्या चिखलातूनच म्हणायची, "संक्रांतीला मला एक बाई बोलवत न्हाई. हे हळदीकुंकू बघा, आपल्या पायानं येतं, लेकरंबाळं घेऊन!"

मग तळं सुशोभित करायचं ठरलं. काठ खरवडून फरशी बसवायची, वर बाकडी टाकायची. सरपंच समजावायला आले.

"आत्या, घाण साफ करायलोत आम्ही."

"घाण न्हाई, पीक हाय."

"पीक? मग खळं कुठं करता?"

"ये की येळवशीला, दाखवते."

मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आमच्याकडं सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याची खोप, चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातलं अंबिल. वाटेनं जाणाऱ्यालाही हात धरून बसवायचं, अन् ते बोलावणं कुणी मोडत नाही. आत्यानं त्या वर्षी खोप तळ्याकाठी बांधली. लोक हसले. तिनं पूजा केली, गुडघाभर पाण्यात शिरली अन् उभ्या पिकाभोवती शिंपडतात तसं अंबिल पाणकणसाभोवती शिंपडलं. मग सरपंचाला वाढलं. खोदायचं मशीन घेऊन आलेल्या पोरालाही ओढून बसवलं. ताटं रिकामी झाली तशी म्हणाली, "जेवलात पोटभर? आता जिच्या रानात जेवलात तिच्या पिकावर मशीन घालायचं तर घाला. मी इथंच बसते." सरपंच हात धुवत राहिले, लई वेळ... काठ राहिला. पुढं दर वर्षी आत्याची खोप तिथंच.

मला वाटायचं, हिला भीती म्हणून नाहीच. मला तर सुपरवायझरनं नुसती हाक मारली तरी टाका चुकतो. तसं एकदा फोनवर बोलले, तर हसली. "भ्या मलाबी वाटतं की गं. भ्या वाटलं की पाय चिखलात रोवते. मग पळताच येत न्हाई."

आता पुन्हा तीच कुजबुज आहे. म्हातारी गेली, काठ मोकळा झाला. भाभीनं ऐकून घेतलं अन् चारचौघांत सांगितलं, "पोरगी यायलीय. येळवशीनंतर बोला काय ते." मला न विचारताच! सुट्टी मिळेल न मिळेल, काम राहील न राहील... भीती आहेच. पण तिकीट काढलंय.

आत्याचं अंबिलाचं मडकं भाभीनं आपल्या घरात उपडं घालून ठेवलंय. गळ्यावर वाळल्या चिखलात आत्याची बोटं उमटलेली आहेत, म्हणून धुतलं नाही म्हणते. मी अंबिल त्यातच करणार, अन् पाण्यात गुडघाभर उतरणार. ज्याला जेवायला यायचं त्यानं यावं, मशीनवाल्यांनीही यावं. काठ मात्र मिळणार नाही.

अन् भाभी, माझ्या वाटणीची मूठ तुम्ही टाकलीत. ती कशी फेडायची ते मला अजून कळत नाही. पण एक दिवस फेडीन.