रुमालाखालचे शब्द

अहमदपूरच्या मोंढ्यात सरकारला पुरतं ओळखणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो सातवी नापास होता. ते आमचे आडते अप्पा. धान्याच्या त्या बाजारात शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून देण्याचं त्यांचं दुकान, आणि माझे वडील त्या दुकानात हमाल. कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, खांद्यावर चौकड्यांचा रुमाल आणि तोंडात कायम कुठला तरी शब्द, चघळून चोथा झालेला. शब्द अखंड गिळू नये, हे त्यांचं तत्त्वज्ञान. तूर आली की आपण मूठभर हातावर घेऊन फुंकतो, दाणा किती आणि खडा किती ते बघतो. शब्द मात्र लोक पोत्यासकट उचलतात आणि मग फसतात, असं ते म्हणत.

त्या सुमारास दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. लातूर जिल्हा आला आणि पाऊस आला नाही. त्यामुळे मोंढ्यात माल नव्हता, पण कागदाला तोटा नव्हता. आजवर आमचं सरकार अर्जी, दाखला, दफ्तर अशा ओळखीच्या शब्दांत बोलायचं. जिल्हा नवा झाल्यावर ते 'अवर्षण' आणि 'टंचाईसदृश' बोलू लागलं. चावडीवरचा कागद लोक थेट अप्पांच्या गादीवर आणून ठेवत. अप्पा एकेक शब्द सोलत. "अवर्षण. पुढचा अ म्हंजे न्हाई. मधी बरसनं. शेपूट सोडून द्या. पाऊस पडला न्हाई, येवढंच सांगून राहिलेत. ते आमाला बी ठावं हाय." 'टंचाईसदृश'ला मात्र त्यांनी अख्खी दुपार दिली आणि शेवटी निकाल सांगितला, "सदृश म्हंजे सारखं दिसनारं. टंचाई हाय, पर साहेबाला अजून वळखू येईना." एवढं सोलूनही टँकर कुठल्याच शब्दातून निघाला नाही.

माल नाही म्हणून हमाली नाही. आई-वडील लोहा गावाकडच्या रस्त्यावर दुष्काळी कामाला, खडी फोडायला जात. मी दहावीत होते आणि सहामाहीला मराठीत नापास झाले होते. पुस्तकातला मोठा शब्द दिसला की मी डोळे मिटून पुढच्या ओळीवर उडी मारायची. वडिलांनी प्रगतिपुस्तक पाहिलं आणि म्हणाले, "पास झालीस तर पुढं शाळा. न्हाई तर आमच्यासंगं खडीवर." ते रागावले नव्हते, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. अप्पांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी वडिलांना सांगितलं, "मोंढा बसूनच हाय. धाड तिला माज्याकडं."

आता मोंढ्यात भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात धरत, बोटं दाबून सौदा करत, आणि शेजाऱ्याला पत्ता लागत नसे. अप्पांना शिकवण्याचीही हीच एक पद्धत ठाऊक. ते शब्द उच्चारत, हातावर रुमाल टाकत, आणि शब्दाचे जितके तुकडे तितकी त्यांची बोटं मी दाबायची. मग तुकड्यातुकड्याचा अर्थ. चुकले की म्हणत, "सौदा मोडला, पुन्यांदा." आम्ही बौद्ध, अप्पा लिंगायत; माझा हात त्यांच्या हातात बघून समोरच्या आडत्याने पहिल्याच दिवशी मोठ्यांदा घसा खाकरला. अप्पा मान वर न करता म्हणाले, "हिच्या बापाच्या पाठीवरनं आलेली तूर तर गोड लागती, शेठजी." शेठजींचा घसा त्यानंतर साफ झाला.

बोर्डाच्या पेपरात 'अप्रतिहत' आला. हा शब्द मी जन्मात पाहिला नव्हता. रुमाल नव्हता, म्हणून हात पदराखाली घेतले आणि माझीच बोटं मी दाबू लागले. अ, प्रति, हत. ज्याला कुणी उलटून मारू शकलं नाही, अडवू शकलं नाही, असा. लिहून वर पाहिलं तर पर्यवेक्षक उभे. ते मुदखेडकडचे, आडत्याच्या घरात वाढलेले. दुसऱ्या कुणाला पदराखाली चिठ्ठी दिसली असती, यांना सौदा दिसला. शेजारच्या बाकावरच्या मुलीशी माझी बोटांनी बोली चालली आहे, अशी त्यांची खात्रीच झाली.

पेपर सुटल्यावर मला मुख्याध्यापकांच्या खोलीत बसवलं. गैरप्रकाराच्या फॉर्ममध्ये बोटांसाठी रकाना नव्हता, तेवढ्यावर तो अडून राहिला होता. वडील खडीवर, म्हणून निरोप अप्पांना गेला. माझ्या डोळ्यांसमोर हातोडा दिसत होता. अप्पा आले, खांद्यावरचा रुमाल काढला आणि पर्यवेक्षकांना म्हणाले, "कोनता बी शब्द सांगा सर, आन हात हिच्या हातात द्या."

सरांनी बराच विचार करून 'उपजिल्हाधिकारी' काढला. मी रुमालाखाली त्यांची चार बोटं दाबली आणि सांगितलं, "उप, जिल्हा, अधि, कारी."

"बघा," अप्पा म्हणाले, "जिल्हा आपला उर्दूतनं आलेला, बिचारा. दोनी अंगानं संस्कृतचा पहारा." सरांना हसू आलं आणि फॉर्म कोराच राहिला.

मी पास झाले. साखर घेऊन गेले तर अप्पा गुणपत्रिकेवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचत बसले. मग हळू म्हणाले, "निजामाच्या टायमाला उर्दू शाळेत माझा पयला नंबर हुता. राज बदललं, समदं मराठी झालं. कालचा हुशार आज ढ. सातवीत बसलो ते बसलोच. हात धराया कोन नव्हतं, पोरी. मंग येकटाच शब्द फोडत बसलो." त्यांच्या सातवी नापासावर आम्ही मुलं किती हसलो होतो. मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अप्पा गेले, रुमालाखालचे सौदेही गेले. मी लातूरच्या एका दफ्तरात कारकून झाले आणि आता ती परिपत्रकं माझ्याच टेबलावर तयार होतात. मसुद्यात 'टंचाईसदृश' आलं की मी ते खोडून 'पाणी नाही' लिहिते. साहेब पुन्हा 'टंचाईसदृश' करतात. एखादा नवाच शब्द वरून आला तर माझा हात आपोआप टेबलाखाली जातो आणि बोटं मोजू लागतात. तुकडे बरोबर पडतात, अर्थही लागतो. सौदा झाला म्हणायला पलीकडे हात तेवढा नसतो.